चौथा दिवस, उलट्या थांबत नाहीत: २२ महिन्यांच्या मुलाच्या पोटात पाणी टिकवायचं कसं?

रामबाग_आई

नमस्कार. मुलगा २२ महिन्यांचा आहे. पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात केलेलं वजन ११ किलो. सोमवारी रात्री उलट्या सुरू झाल्या, आज शुक्रवार. पहिल्या दिवशी दहा-बारा झाल्या, आता दिवसाला पाच-सहा. बुधवारपासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला चार. रक्त नाही, आव नाही. ताप पहिले दोन दिवस १०१ पर्यंत होता, आता नाही. बुधवारी डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल आहे म्हणाले. ओआरएस, ऑनडॅनसेट्रॉनचं सिरप आणि झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या.

अडचण अशी की त्याला तहान खूप आहे. वाटीभर ओआरएस गटागटा पितो आणि दहा मिनिटांत सगळं बाहेर. रात्रभर चिडचिड, कडेवरून खाली उतरत नाही. सासूबाई म्हणतात, एक दिवस पोटाला आराम द्या, काही देऊच नका. शेजारच्या काकू शिकंजी द्यायला सांगतात. शेवटची शू सकाळी सहाला झाली, आता साडेदहा वाजलेत.

किती द्यायचं, किती वेळानं द्यायचं? सलाईन लावून घेऊ का? चार दिवस उलट्या म्हणजे दुसरं काही तर नाही ना?

---

बालवॉर्ड_सिस्टर

ताई, वाचता वाचता आधी मुलाकडे बघा. हाक मारल्यावर नजर देतो का? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? जीभ ओली आहे का? पोटावर बेंबीच्या बाजूला कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, वळी तशीच राहून हळू बसली तर पाणी बरंच कमी झालंय. छातीच्या मधल्या हाडावर बोटानं पाच सेकंद दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत भरला पाहिजे. मूल मलूल पडलंय, पेंगतंय, पाजायला घेतलं तरी गिळत नाही, डोळे आत गेलेत किंवा आठ तास शू नाही, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, निघा.

तसं नसेल तर पाजायची पद्धत बदला. सुजलेल्या जठरात एकदम १५० मिली गेलं की ते ताणलं जातं आणि परत फेकतं. तहानलेलं मूल म्हणूनच फसवतं, ते मागतं वाटीभर आणि टिकतं चमचाभर. वाटी नजरेआड ठेवा, पेला नको, बाटली तर नकोच. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा, पाच-दहा रुपयांत मिळते.

उलटी झाली की दहा मिनिटं काहीही नाही. मग ५ मिली, दर पाच मिनिटांनी, अर्धा तास. टिकलं तर ५ मिली दर दोन मिनिटांनी. दिसायला थेंबथेंब, पण तासाला १५० मिली होतात. तासभर टिकलं तर १० मिली दर तीन मिनिटांनी. मध्ये उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि एक पायरी खाली या. शून्यापासून सुरुवात करायची नाही.

सिरिंजचं टोक जिभेवर धरू नका, उबळ येते. गालाच्या आत, हिरडी आणि गाल यांच्या खाचेत ठेवून हळूहळू दाबा, मूल आपोआप गिळतं. पाठ सरळ, मांडीवर बसवलेलं. बोंडलं आता नको. बोंडल्यानं पाजताना मूल आडवं असतं आणि धार आपल्या हातात राहत नाही. फोनवर दोन मिनिटांचा गजर लावा आणि घरातल्या दोघांनी पाळी ठेवा. एकट्या माणसाचा हात तासाभरात ढिला पडतो आणि मग "घे बाळा, पी" म्हणून पेला पुढे केला जातो.

उलटी बघून घाबरू नका. दोन मोठे चमचे, म्हणजे जेमतेम ३० मिली, फरशीवर पडले तर ताटाएवढा डाग दिसतो. पाजलेल्यातलं काही ना काही आत राहतंच.

हिशोब उलट्यांचा नाही, शूचा ठेवा. आजच्या डायपरमध्ये शू कळतच नाही. दिवसा साधे सुती लंगोट वापरा. किंवा कोरडा डायपर किचनच्या वजनकाट्यावर तोला, ओला पुन्हा तोला. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. ११ किलोच्या मुलाला ताशी साधारण ११ मिली, सहा तासांत ६५-७० ग्रॅम यायला हवेत. जुलाब त्यात मिसळला तर तो आकडा धरू नका. पुढे कापसाची घडी ठेवली तर शू वेगळी कळते.

पोटाला आराम मात्र अजिबात नको. सासूबाई काळजीनंच सांगतायत, पण उपाशी मुलाच्या रक्तात कीटोन (चरबी जळून बनणारे पदार्थ) वाढतात, त्यानं मळमळ वाढते आणि उलट्यांचं चक्र सुरूच राहतं. जायफळ उगाळून देणार असतील तर तेही थांबवा. त्यानं मूल पेंगतं, आणि आपल्याला नेमकी पेंगच बघायची आहे. अंगावर पीत असेल तर पाजत राहा, थोडं थोडं, जास्त वेळा.

---

मेडिकल_राजवाडा

दुकानाच्या बाजूनं सांगतो. ओआरएसची पुडी दोन मापांची येते. मोठी, २० ते २२ ग्रॅमची, पूर्ण १ लिटरसाठी. छोटी, ४ ग्रॅमच्या आसपास, २०० मिलीसाठी. पुडी फोडली की सगळी ओतायची. चमच्यानं थोडी थोडी काढायची नाही, कारण मीठ आणि ग्लुकोज पुडीत सारखं मिसळलेलं असेलच असं नाही, आणि चमचा कधी सपाट भरतो, कधी शिगोशीग. पाणी मापाच्या भांड्यानं मोजा. विकतच्या पाण्याची १ लिटर छापलेली बाटली असेल तर तीच वापरा. आपल्या इंदूरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि हौदात, टाकीत साठून राहतं. म्हणून खळखळ उकळवून, गार करून मग पुडी घाला. घातल्यावर उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेका. दुधात, सरबतात, सूपमध्ये कालवायचं नाही. वरून साखर नाही.

चव बघा: अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. फ्रीजमध्ये गार केलं की मुलं बरी घेतात.

पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचा. लिटरला सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांच्या नावात "ओआरएस" लिहायला मनाई केली, तरी घरात जुना खोका पडलेला असू शकतो. नुसती ग्लुकोज पावडरही नको, तिच्यात मीठच नसतं.

शिकंजीबद्दल एक. बाहेरगावची माणसं शिकंजी म्हणजे लिंबाचं पाणी समजतात. आपल्या सराफा बाजारातली शिकंजी दुधाची, आटवलेली, सुक्या मेव्याची. काकूंच्या मनात कोणती आहे ते विचारा. आज दोन्ही नकोत.

पुडी संपलीच आणि दुकान बंद असेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट छोटे चमचे, मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. यात पोटॅशियम नाही, म्हणून ही रात्रीपुरती सोय. आशा कार्यकर्तीकडे आणि सरकारी दवाखान्यात ओआरएस आणि झिंक फुकट मिळतं.

---

रामबाग_आई

सिस्टर, नजर देतोय, जीभ थोडी चिकट आहे, चिमटीची कातडी लगेच बसते. डोळ्यांत पाणी कमी.

मेडिकलवाले दादा, तुमचं वाचून पुडी परत बघितली. १ लिटरची आहे. मी डब्यात काढून ठेवली होती आणि दर वेळी एका वाटीत दोन छोटे चमचे घालत होते. वाटी १५० मिलीची असेल. काही चुकलं का?

---

बालरोग_इंदूर

चुकलं, आणि ते आत्ता सापडलं हे फार बरं झालं. १५० मिलीला साधारण ३ ग्रॅम पावडर पुरते. दोन छोटे चमचे म्हणजे ९-१० ग्रॅम. पाणी जवळजवळ तिप्पट खारट आणि गोड झालं. असं दाट पाणी आतड्यात गेलं की शरीराचंच पाणी आतड्याकडे ओढलं जातं. त्यानं जुलाब वाढतात, उलटीही होते, आणि तहान भागण्याऐवजी भडकते. ही न भागणारी तहान, रात्रभराची चिडचिड आणि चौथ्या दिवशीही न थांबलेल्या उलट्या, या सगळ्याचा काही भाग तरी यातूनच आलेला असू शकतो.

आजच, आत्ताच मुलाला दाखवा आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, साखर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासून घ्या. सोडियम १३५ ते १४५ मध्ये हवं. ते वाढलेलं असताना चिमटीची कातडी नीट बसते, किंचित कणकेसारखी लागते. म्हणून ती चांगली आहे यावर विसंबू नका. रडणं किरटं झालं, अंग ताठ झालं, झटका आला किंवा मूल उठेना, तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. तुमच्या डॉक्टरांकडे लगेच वेळ नसेल तर चाचा नेहरू बाल चिकित्सालय किंवा जवळचं, रक्ततपासणी होणारं बालरुग्णालय गाठा. सोबत ती पुडी, तो चमचा आणि ती वाटी न्या.

मिठाचं प्रमाण जास्त झालं म्हणून भरपाईला साधं पाणी भरभरून पाजू नका, ही कळकळीची विनंती. वाढलेलं सोडियम झपाट्यानं उतरलं की मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. वाटेत बरोबर कालवलेलं ओआरएसच, सिस्टरांनी सांगितलेल्या सिरिंजनं.

आता सलाईन. ते ओआरएसपेक्षा "ताकदवान" नाही. आतड्यात ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत जातं आणि त्यामागे पाणी जातं. हे काम उलट्या-जुलाब चालू असतानाही सुरू राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीचे (कॉलऱ्याचे) रोगी याच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर वाचवले. मूल गळून गेलं असेल, नाडी क्षीण असेल, पोट फुगलं असेल किंवा नीट पाजूनही तासन्‌तास काही टिकत नसेल तर सलाईन हवंच. पाणी कमी झाल्याची खूण आहे पण मूल जागं आहे, अशा वेळी वजनाच्या किलोमागे ७५ मिली, म्हणजे तुमच्या मुलाला ८२५ मिली, चार तासांत तोंडानं. सोडियम वाढलेलं निघालं तर हा वेग डॉक्टर कमी करतील. तो त्यांनाच ठरवू द्या.

ऑनडॅनसेट्रॉन दिल्यावर १५-२० मिनिटं थांबून पाजायला सुरुवात करतात. बहुतेक मुलांना एकच डोस पुरतो. त्याच्या वजनाला साधारण २ मिलिग्रॅम, पण आजचा डोस विचारूनच द्या. पोटॅशियम कमी असेल तर हे औषध हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं, आणि वारंवार दिल्यानं जुलाब वाढतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. व्हायरल उलट्या बहुधा एक-दोन दिवस, फार तर तीन. जुलाब पाच ते सात दिवस, कधी दोन आठवडे. म्हणून चौथ्या दिवशी उलट्या चालू असतील तर "व्हायरल आहे, जाईल" यावर थांबायचं नाही. हिरवी उलटी म्हणजे आतड्यात अडथळा समजून थेट रुग्णालय. पिवळसर असेल तर रिकाम्या पोटाचं पित्त असतं, हिरवी वेगळी दिसते, शंका आली तर फोटो काढून दाखवा. मूल दहा-पंधरा मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये शांत पडतं, नंतर गडद लाल, जेलीसारखी चिकट शी होते, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. जुलाब अजिबात नाहीत आणि नुसत्या उलट्या व ताप, तर लघवीची तपासणी हवी. पहाटे उठल्या उठल्या उलटी, डोकं धरणं, तोल जाणं किंवा आदल्या दिवसांत डोक्यावर पडलेलं असणं, हे डोक्याशी संबंधित असू शकतं. आणि मूल खूप पाणी पितंय, खूप शू करतंय, श्वास खोल आणि भरभर चाललाय, तर रक्तातली साखर तासाभरात बघायलाच हवी. लहान मुलांतला मधुमेह असाच उलट्यांच्या आड लपतो.

---

रामबाग_आई

दुपारी जाऊन आलो. सोडियम १४९ निघालं, साखर आणि लघवी ठीक. तिथंच बसवून बरोबर मापाचं ओआरएस हळूहळू पाजलं, शू झाली, संध्याकाळी घरी पाठवलं. उद्या सोडियम पुन्हा बघायचं आहे. तीन तासांत उलटी नाही. आता भूक लागली म्हणतोय. खायला काय देऊ? झिंक सुरू करू का? घरी पाच वर्षांची ताई पण आहे, तिला कसं सांभाळू?

---

आहार_सुदामानगर

भूक लागली की द्यायचं, वाट बघायची नाही. पहिल्या वेळी दोन-तीन चमचे मऊ भात आणि मुगाचं वरण, चमचाभर तूप चालतं. अर्ध्या तासात टिकलं तर आणखी तेवढंच. दिवसात सहा-सात वेळा थोडं थोडं. पिकलेलं केळं कुस्करून, दही-भात, उकडलेला बटाटा. नेहमीचं दूध पाणी घालून पातळ करू नका, त्यानं फक्त पोषण घटतं. दूध दिल्यावर फेसाळ, आंबट वासाचे, जोरात उडणारे जुलाब वाढले आणि ढुंगण लाल झालं तर आठवडाभर दुधाऐवजी दही द्या आणि डॉक्टरांना सांगा.

नुसती भाताची पेज देऊन दिवस काढू नका, तिच्यात ताकद फार कमी. पोहे, शेव, जिरावन मसाला आठवडाभर बाजूला. नारळपाणी चवीपुरतं चालेल, त्यात सोडियम कमी असतं, म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही. जुलाब चालू असेपर्यंत प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली ओआरएस वेगळं द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा, गेलेलं वजन भरून निघतं.

---

मेडिकल_राजवाडा

झिंक २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १४ दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण करा. गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळते. रिकाम्या पोटी दिली तर तीच उलटी करवते, म्हणून आज रात्री राहू द्या, उद्या जेवल्यावर द्या. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा द्या. जुलाब बांधायच्या गोळ्या मात्र एवढ्या मुलाला कधीच नाहीत. ताप परत आला तर फक्त पॅरासिटामॉल, आणि बाटलीवर १२० मिलिग्रॅम आहे की २५० ते बघा. ५ मिलीत १२० असेल तर जे माप, २५० असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक नको, पाणी कमी झालेल्या मुलाच्या किडनीवर त्याचा ताण येतो.

---

बालवॉर्ड_सिस्टर

मोठ्या मुलीसाठी: साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा एक विषाणू) अल्कोहोलला फारसा दाद देत नाही. थंडीत आपल्याकडे रोटाव्हायरसही असतो. लस झालेली असेल तर तो सौम्य जातो, पण ती लस नोरोव्हायरसला नाही.

उलटी पडली की आधी वर्तमानपत्र टाकून टिपा, बाहेरून आत पुसत या, म्हणजे पसरत नाही. मग ब्लीच. सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. खिडकी उघडी ठेवा. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. नळाची चावी, फ्रीजचं हँडल, फोन हेही ब्लीचच्याच पाण्यानं, पण वेगळ्या फडक्यानं. चादरी, लंगोट गरम पाण्यात वेगळे धुऊन उन्हात घाला. दोघांचे पेले-चमचे वेगळे. पाळणाघरात शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तासांनीच पाठवा. शीतून विषाणू दोन आठवड्यांपर्यंत जातो, तोवर डायपर बदलल्यावर तुमचेही हात साबणानं.

वापरलेले डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, आणि कचरागाडीच्या सॅनिटरी कप्प्यातच टाका, ओल्या कचऱ्यात नाही. गाडी सकाळी येईपर्यंत झाकणाच्या बादलीत, ताईच्या हाताला येणार नाहीत असे ठेवा.